फोटो माझा, खाली नाव दुसऱ्याचं. हक्क नक्की कुणाचा?

दहिवर

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

चार वर्षांपूर्वी मी चतुराचा एक फोटो काढला होता, कात टाकून बाहेर येतानाचा. ज्यांनी हे प्रत्यक्ष बघितलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय, पाण्यातली अळी पहाटे गवताच्या काडीवर चढते, तिची पाठ उकलते आणि आतून ओला, मऊ, जवळपास बिनरंगाचा चतुर बाहेर येतो, पंख चुरगळलेल्या पातळ कागदासारखे असतात आणि बघता बघता भरत जातात. सलग तीन पहाटे पाण्याच्या काठाला पोटावर पडून होते तेव्हा कुठे तिसऱ्या दिवशी हवी ती फ्रेम मिळाली. फोटो शेअर करायच्या एका साइटवर टाकला, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव होतं.

मागच्या आठवड्यात मैत्रिणीने लिंक पाठवली. निसर्गावरच्या एका वेब-मासिकात लेखाच्या डोक्यावर तोच फोटो. कोपरा कापलाय म्हणजे नाव गेलं, फोटो आरशात दिसावा तसा उलटा केलाय आणि खाली 'छायाचित्र' म्हणून लेख लिहिणाऱ्याचंच नाव! क्षणभर मलाच वाटलं दुसऱ्या कुणाचा असेल. पण काडीशेजारच्या पात्याला किड्याने अर्धगोल कुरतडलेलं आहे, माझ्याकडे ते डावीकडे आहे, त्यांच्याकडे उजवीकडे, आणि त्या कुरतडलेल्या जागी दहिवराचा एक थेंब अडकलाय तोसुद्धा जसाच्या तसा. तिथे खात्री पटली.

मेल केला तर उत्तर आलं की फोटो इंटरनेटवर उपलब्ध होता, त्यावर कॉपीराइटची खूण नव्हती, तुमचा आग्रहच असेल तर क्रेडिट देऊ. आग्रह?? हे वाचून हातपाय गार पडले माझे. मग शोधत गेले तर एका वॉलपेपरच्या साइटवरही तोच फोटो निघाला, खाली 'फ्री डाउनलोड' असं बटण लावून.

मी कुठे नोंदणी वगैरे काही केलेली नाही. मग माझा हक्क आहे की नाही, की एकदा नेटवर टाकलं म्हणजे त्यावर पाणी सोडायचं? पैशापेक्षा नावाचं जास्त लागलंय मनाला, पण नुसतं क्रेडिट दिलं की विषय संपतो का तेही कळत नाहीये.

रॉवाला

ताई, आधी एक काम करा, बाकी सगळं मागून. दोन्ही पानांचे पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, वेब-पत्ता आणि तारीख दिसेल असे, आणि ती पानं वेबॅक मशीनवरही (वेब-पानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणारी साइट) सेव्ह करून ठेवा. तुमचा मेल तिकडे पोचलाय म्हणजे पान कधीही बदलेल, आणि बदललं की आधी काय होतं ते दाखवायला तुमच्याकडे काही उरणार नाही. माझ्या बाबतीत हे झालंय म्हणून एवढ्या कळकळीने सांगतोय, सकाळी तक्रार केली आणि संध्याकाळी फोटो तिथे कधी नव्हताच असं उत्तर आलं.

दुसरं, मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने साठवलेली कच्ची फाइल, आहे ना? त्यांनी कापलेला जो कोपरा आहे तो तुमच्या फाइलमध्ये आहे आणि त्यांच्याकडे नाही, यापेक्षा मोठा पुरावा नाही. त्याच पहाटेच्या आधीच्या नंतरच्या फ्रेम पण जपून ठेवा, पंख अर्धे भरलेले, पूर्ण भरलेले, ती सगळी मालिका फक्त तुमच्याकडेच असणार, चोरणाऱ्याकडे एकच फोटो असतो.

आता हक्काचं. फोटो काढला त्या क्षणी कॉपीराइट तुमचा झाला. नोंदणी लागत नाही, खूण लागत नाही. हा बर्न कराराचा, म्हणजे कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे, करार १८८६ चा, हक्कासाठी कुठलीही औपचारिकता लागणार नाही हे कलम त्यात १९०८ साली आलं आणि आज १८० हून जास्त देश त्यात आहेत. 'खूण नव्हती' हे जे त्यांनी लिहिलंय ना, तो समज बहुतेक जुन्या अमेरिकन कायद्यातून आलेला आहे, तिथे वर्तुळातला सी आणि वर्ष छापावं लागायचं नाहीतर हक्क जायचा, पण १ मार्च १९८९ पासून ती अट तिथेही गेली. नोंदणीचा उपयोग नाही असं नाही, काही देशांत कोर्टात जाताना किंवा भरपाई मागताना ती कामाला येते, पण नोंदणी नाही म्हणून फोटो बेवारस होत नाही.

सहजच

राग मानू नका पण एवढं ताणायची खरंच गरज आहे का? ते क्रेडिट द्यायला तयार आहेत, फोटो चार लोकांपर्यंत पोचतोय, आणि ज्याला इतकी भीती आहे त्याने नेटवर टाकूच नये किंवा मधोमध मोठा वॉटरमार्क टाकावा. मी पण फोटो टाकतो, कोणी घेतला तर मला बरंच वाटतं.

मुखपृष्ठ

सहजच, तुम्हाला बरं वाटतं हा तुमचा निर्णय झाला, तो तुम्ही तुमच्या फोटोंपुरता घेतलात. दहिवर यांचा निर्णय त्या मासिकाने परस्पर घेऊन टाकला, मुद्दा तेवढाच आहे. आणि मधोमध वॉटरमार्क टाकला तर त्या चतुराचे पंख दिसणार कुठून?

मी बारा वर्षं मासिकांची आणि पुस्तकांची मांडणी करते, त्यामुळे पलीकडच्या टेबलावर काय होतं ते सांगते. लेख येतो उशिरा, चित्र हवं असतं तासाभरात, मग इमेज सर्चमध्ये शब्द टाकायचा आणि जे चांगलं दिसेल ते उचलायचं. कितीतरी ऑफिसांत हे असंच चालतं आणि कुणाला त्यात चोरी वाटत नाही. मीही सुरुवातीला हेच केलंय. एका मुखपृष्ठावर मी असाच शोधून घेतलेला फोटो वापरला होता, दोन महिन्यांनी ज्याने काढला त्याचा मेल आला, अतिशय शांत, त्याने फक्त विचारलं होतं की हा फोटो मी कुठल्या परिस्थितीत काढला ते तुम्हाला ऐकायचंय का. तो मेल मी अजून जपून ठेवलाय. त्याचे पैसे दिले, पुढच्या अंकात चूक कबूल करून नाव छापलं, आणि तेव्हापासून लायसन्स बघितल्याशिवाय एकही चित्र पानावर ठेवत नाही.

सर्चमध्ये फोटो दिसतो याचा अर्थ तो तिथे आहे एवढाच. गूगल इमेजमध्ये टूल्सखाली 'यूसेज राइट्स' म्हणून फिल्टर आहे, त्यात क्रिएटिव्ह कॉमन्सवाले, म्हणजे ठरावीक अटींवर कुणालाही वापरू दिलेले, वेगळे काढता येतात, पण तेही शेवटी त्या त्या पानाने जे सांगितलंय त्यावरच चालतं. म्हणून मूळ पानावर जाऊन, टाकणारा खरंच काढणारा आहे का हे बघावं लागतं. वॉलपेपर साइटचं 'फ्री डाउनलोड' तर कशालाच धरू नका, जो फोटो त्यांचा नाहीच तो ते फुकट देणार कसा, आणि तिथून घेणाऱ्याला उद्या मूळ मालकाने धरलं तर "तिथे फ्री लिहिलं होतं" यावर सुटका होत नाही.

कलमबहाद्दर

मुखपृष्ठ यांना पूर्ण अनुमोदन. मी वकील नाही पण हे खटले बरीच वर्षं वाचतोय, त्यातले दोन इथे अगदी नेमके लागू पडतात.

एक जर्मनीतला. एका शाळेतल्या विद्यार्थ्याने स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचा फोटो एका प्रवासाच्या साइटवरून उतरवून घेतला, प्रकल्पात लावला, कुठून घेतला ते खाली लिहिलं सुद्धा, आणि शाळेने तो प्रकल्प आपल्या वेबसाइटवर टाकला. मूळ साइटवर तो फोटो कुणालाही बिनाअडथळा बघता येत होता, लॉगिन नाही काही नाही. छायाचित्रकाराने त्या साइटला परवानगी दिलेली होती, शाळेला नव्हती. प्रकरण युरोपियन युनियनच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये निकाल आला की असं दुसऱ्या साइटवर नव्याने टाकायला वेगळी परवानगी लागते. बघा, शाळा आहे, फायदा काही नाही, स्रोत लिहिलेला आहे, तरीही. क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे हे यापेक्षा स्वच्छ कुठे सापडणार नाही.

दुसरा हैतीचा. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर डॅनियल मोरेल या छायाचित्रकाराने फोटो काढून ट्विटपिकवर, म्हणजे ट्विटरसाठी फोटो टाकायच्या साइटवर टाकले, दुसऱ्याच एका माणसाने ते स्वतःचे म्हणून परत टाकले, आणि एएफपी या वृत्तसंस्थेने ते घेऊन जगभर पाठवले, गेटी या फोटो पुरवणाऱ्या कंपनीमार्फतही गेले. एएफपीचं म्हणणं असं की साइटच्या अटींमुळे आम्हाला वापरायची मोकळीक मिळते. कोर्टाने ते मान्य केलं नाही आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्युरीने मोरेल यांना १२ लाख डॉलरच्या वर भरपाई ठरवली. आपण साइटला जी परवानगी देतो ती साइटला असते, फोटो दाखवायला, लहानमोठा करायला, त्यांच्या सर्व्हरवर ठेवायला, ती वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येकाला मिळत नाही. अर्थात त्या अटी वाचायला हव्यात हेही खरं, डिसेंबर २०१२ मध्ये इन्स्टाग्रामने अटींचं नवं शब्दांकन आणलं तेव्हा आपले फोटो जाहिरातीत वापरतील म्हणून केवढा गहजब झाला होता आणि त्यांना ते शब्द मागे घ्यावे लागले.

दहिवर, एक प्रश्न मात्र आधी सोडवा. तुम्ही फोटो टाकलात तेव्हा लायसन्सच्या रकान्यात काय निवडलं होतं? बऱ्याच साइटवर न बदलल्यास सर्व हक्क राखीव असं असतं, पण एकदा बघूनच घ्या.

दहिवर

आत्ता बघून आले आणि सुन्न झालेय.

लायसन्स आहे क्रिएटिव्ह कॉमन्स बाय, २.०. आठवलं मला, खातं उघडलं तेव्हा एका ओळखीच्या माणसाने सांगितलं होतं की हे ठेवलं की फोटो जास्त लोक बघतात, मी सेटिंगमध्ये एकदाच निवडलं आणि नंतरचे सगळे फोटो आपोआप त्यावरच गेले. ते कसलं लायसन्स आहे ते मी वाचलंच नव्हतं. म्हणजे आता ते बरोबर आणि मी चूक? धंद्यासाठीसुद्धा वापरायची मुभा मीच दिलीये असं दिसतंय तिथे. आत्ताच्या आत्ता बदलून टाकू का?

कलमबहाद्दर

थांबा, घाईने बदलू नका, आणि ते बरोबर तर अजिबात नाहीत.

क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे हक्क सोडणं नव्हे. ही संस्था २००१ ची, पहिली लायसन्सं डिसेंबर २००२ ला आली, कल्पना अशी की कॉपीराइट तुमचाच राहतो, तुम्ही फक्त आधीच सांगून ठेवता की या अटींवर कुणीही वापरा, मला विचारायची गरज नाही. 'बाय' मध्ये अट मुख्यतः एकच: नाव द्यायचं, लायसन्स कुठलं ते सांगायचं, मूळ फोटोचा दुवा द्यायचा. विकलं तरी चालेल, कापलं तरी चालेल. 'एनसी' जोडलं तर व्यावसायिक वापर बंद. 'एनडी' जोडलं तर बदल केलेली प्रत वाटायची नाही, म्हणजे कोपरा कापणं आणि उलटा करणं तिथेच अडकलं असतं. 'एसए' मध्ये बदल करून पुढे वाटणाऱ्याने त्याच अटींवर वाटायचं. याहून मोकळं म्हणजे सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) झिरो, ते खरंच सगळं सोडून देणं आहे, ते तुम्ही निवडलेलं नाही.

आता मासिकाकडे बघा. एकच मुख्य अट होती ती त्यांनी मोडली, वर तुमचं नाव कापून दुसऱ्याचं लावलं. अट मोडली की लायसन्स त्यांच्यापुरतं संपतं, आणि लायसन्स नाही म्हणजे उरतो तो साधा कॉपीराइटचा भंग. ४.० या आवृत्तीत (ती नोव्हेंबर २०१३ ला आली) चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर लायसन्स आपोआप परत मिळतं अशी सोय आहे, तुमच्या २.० मध्ये ती नाही. म्हणजे त्यांना मोकळं करायचं की नाही हे तुमच्या हातात आहे. शिवाय बर्न कराराच्या ६ बिस कलमात लेखकाचा, कलाकाराचा नावाचा हक्क वेगळा सांगितलेला आहे, तो पैशाच्या हक्कापासून स्वतंत्र. तुम्हाला नावाचं लागलंय म्हणालात ते उगाच नाही.

लायसन्स बदललं तरी ज्यांनी आधीच घेऊन अटी पाळल्यात त्यांची परवानगी तुम्हाला काढून घेता येत नाही, हे मात्र मनाशी पक्कं धरा. पुढच्या लोकांसाठी बदलता येईल. आणि बदलायच्या आधी आत्ताच्या पानाचाही स्क्रीनशॉट घ्या, नाहीतर उद्या तुम्हीच मागाहून अट घातली असं कुणी म्हणेल.

रॉवाला

आणि फोटोंचं सोडा, वाक्य जपून वापरा. मेलमध्ये शिवीगाळ नाही, "कोर्टात खेचेन" नाही. फोटो कुठला, मूळ पान कुठलं, लायसन्स कुठलं, त्यातली कुठली अट मोडली, आणि तुम्हाला काय हवंय ते तारखेसकट. एवढं पुरतं. नाव दुरुस्त करा, लेखकाच्या नावाने जो फोटो छापला गेला त्याचा खुलासा त्याच पानावर द्या, असं मागा. पैसे मागायचा हक्क आहे का, तर आहे. मी मागितले असते का, तर नाव कापलं म्हणून हो, मागितले असते. पण सीसीवर फोटो ठेवून, कुणी नावात किरकोळ चूक केली की लगेच मोठमोठ्या रकमांच्या नोटिसा पाठवायच्या असा धंदा करणारेही आहेत, तुमचा मेल त्या जातीचा वाटता कामा नये.

वॉलपेपर साइट तुमच्या मेलला उत्तर देणार नाही, तिथे टेकडाउन नोटीस, म्हणजे फोटो काढून टाका अशी नोटीस पाठवा. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यात ही पद्धत आहे आणि तिथल्या होस्टिंग कंपन्या, सर्च इंजिनं सगळ्यांचे त्यासाठी फॉर्म असतात. मूळ कामाचा पत्ता, चोरलेल्या प्रतीचा पत्ता, तुमचा संपर्क, मी हक्कधारक आहे आणि हा वापर विनापरवाना आहे अशी प्रतिज्ञा, सही. खोटं लिहिलं तर आपल्यावर उलटतं म्हणून खरं तेवढंच. साइटवाला प्रतिनोटीस देऊ शकतो, मग १० ते १४ कामाच्या दिवसांत तुम्ही दावा लावला नाही तर फोटो परत लागतो. फोटो बाकी कुठे कुठे फिरतोय ते टिनआयवर, म्हणजे फोटो देऊन त्याच्या प्रती शोधायच्या साइटवर बघा, उलटी केलेली प्रत एरवी सापडत नाही म्हणून स्वतःच फोटो उलटा करून पण एकदा शोधा.

नवखा

चर्चा वाचताना एक शंका आली म्हणून विचारतो, मी भाच्याचे फोटो सीसी बायवर टाकलेत, फोटो मीच काढलेत, तर नाव दिलं की जाहिरातीत पण वापरतील का कोणी?

कलमबहाद्दर

आजच काढा ते. अगदी हेच २००७ मध्ये झालंय. एका शाळकरी मुलीचा फोटो तिच्या ओळखीच्या माणसाने फ्लिकरवर सीसी बायने टाकला आणि एका मोबाइल कंपनीने तो ऑस्ट्रेलियात जाहिरातीच्या फलकावर लावला, वर चेष्टेची ओळ टाकून. फोटोग्राफरची परवानगी लायसन्समुळे होती, पण मुलीची किंवा घरच्यांची नव्हती. कॉपीराइट फोटो काढणाऱ्याचा, चेहरा ज्याचा त्याचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सीसी फक्त पहिलीबद्दल बोलतं.

मुखपृष्ठ

दहिवर, एक पुढच्यासाठी. कोपऱ्यातलं नाव कापता येतं हे दिसलंच. फाइलच्या आतही नाव घाला, आयपीटीसी मेटाडेटामध्ये (फोटोच्या फाइलमध्येच साठवलेली माहिती) निर्माता, कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा पत्ता असे रकाने असतात, फोटो बाहेर काढतानाच एक प्रीसेट, म्हणजे तयार भरलेला साचा करून ठेवला की प्रत्येक फाइलमध्ये आपोआप जातं. गूगल इमेज २०१८ पासून त्यातलं श्रेय दाखवतं, लायसन्सचा पत्ता असेल तर २०२० पासून फोटोवर तशी पट्टीही दिसते. बऱ्याच सोशल साइट अपलोड करताना हे सगळं पुसून टाकतात, त्याला इलाज नाही, पण ज्या पुसत नाहीत तिथे आमच्यासारख्या मांडणीवाल्याला तुमच्यापर्यंत पोचायची वाट राहते. मला कितीदा मनापासून नाव द्यायचं असतं आणि फोटो कुणाचा ते सापडतच नाही.

दहिवर

सगळ्यांचे आभार, दहा दिवसांनी लिहितेय.

रॉवाला यांनी सांगितलं तसा मेल लिहिला, दोनदा खोडून तिसऱ्यांदा पाठवला. सोबत रॉ फाइलमधून काढलेली न कापलेली प्रत लहान करून जोडली आणि पात्यावरच्या त्या अर्धगोलाभोवती बारीक वर्तुळ काढून दिलं, दोन्ही फोटोंत. या वेळी संपादकांचं स्वतःचं उत्तर आलं. लेखकाने फोटो पाठवताना आपलाच म्हणून पाठवला होता, त्यांनी विचारलं नाही. आता पानावर फोटो सरळ केलाय, पूर्ण आहे, खाली माझं नाव, मूळ पानाचा दुवा आणि लायसन्स आहे, आणि लेखाच्या शेवटी चूक झाल्याचं दोन ओळीत लिहिलंय. पैसे मी मागितले नाहीत. त्या पहाटेचे आधीचे नंतरचे फोटो छापाल का असं विचारलं, तर हो म्हणाले, मजकूर मी लिहायचाय.

जुन्या फोटोंतले माणसं असलेले सगळे खाजगी करून टाकले. किड्यांचे बरेचसे बायवरच ठेवलेत, सेटिंगमध्ये आधीसारखं न बघता नाही, एकेक उघडून ठरवलं. चतुराचा तोही बायवरच ठेवला, शाळांना वगैरे वापरता यावा म्हणून.

वॉलपेपर साइटला परवा नोटीस पाठवली, अजून काही नाही. उलटा करून शोधल्यावर आणखी दोन ठिकाणी सापडलाय, त्यातल्या एकाने माझं नाव अगदी व्यवस्थित दिलंय, लायसन्सच्या दुव्यासकट. त्यांना आभाराचा मेल केला.